कर्णेवाल्या जगूदादांचं अपील

आगाशीच्या बाजारात जगन्नाथ चुरी कुठे भेटतील, हे कुणाला विचारायची गरज नसे. मोटारीतून उतरायचं, कान उघडे ठेवायचे आणि आवाज येईल त्या दिशेला चालू लागायचं. त्यांच्या दुकानात छताला लाऊडस्पीकरचे कर्णे टांगलेले असत, पण हा आवाज त्या कर्ण्यांचा नव्हे, खुद्द जगूदादांचा. ते बोलत असताना कर्णा लावायची जरूर पडत नसे, आणि ते बोलत नसत अशी वेळ मी तरी फारशी पाहिली नाही.

अंगानं उंच, किडकिडीत. धोतरावर लष्करातला जुना खाकी शर्ट, डोक्याला काळी टोपी, खिशात पेचकस. लढाईच्या काळात ते वायरलेसच्या वर्कशॉपात नोकरीला होते. लढाई संपली तसे आगाशीला परत आले आणि वडिलोपार्जित केळीची, पानवेलींची वाडी धाकट्या भावाच्या हवाली करून त्यांनी बाजारात कर्ण्यांचं दुकान थाटलं. लग्न, मुंज, कीर्तन, सभा, काहीही असो, "कर्णेवाल्यांना सांगून आलात का?" हा प्रश्न यजमानाला आचाऱ्याच्याही आधी विचारला जाऊ लागला. त्यांच्या बोटांना कायम राळेचा वास येई. तारा जोडताना डाग देण्यासाठी ते राळ वापरत. जेवतानाही तो वास जात नाही अशी सुभद्रावहिनींची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, तक्रार होती.

"तत्त्व लक्षात घ्या." जगूदादांचं प्रत्येक बोलणं इथून सुरू होई. न्हाव्याला वस्तरा कसा धरावा, कंडक्टरला घंटी कुठे बांधावी, नंदाखाल गावच्या चर्चमधल्या फादरना घंटेचा नाद समुद्राकडे का जातो, हे सगळं त्यांनी तत्त्वासकट समजावून दिलेलं होतं. प्रश्न तेच विचारत आणि उत्तरही तेच देत. आपण मधे मान हलवायची तेवढी. एकदा त्यांनी बाजारात सुरू केलेलं वाक्य माझ्याबरोबर मोटारीत चढलं, विरारला उतरलं आणि स्टेशनच्या पायरीवर संपलं. त्यांचं स्वतःचं विरारला काहीही काम नव्हतं.

मी वसईच्या कोर्टातला वकील. बांध, वहिवाट, विहिरीच्या पाण्याची पाळी, यापलीकडे माझी विद्या कधी गेली नाही आणि जावी अशी हौसही नव्हती. त्यांची माझी ओळख झाली ती वाडीच्या बांधाच्या दाव्यात. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून त्यांनी मुन्सफांना पाणी उताराकडे का वाहतं हे सांगायला घेतलं. मुन्सफांनी त्यांना तीनदा थांबवलं. मीही डोळ्यांनी पुष्कळ खुणा केल्या. दावा आम्ही जिंकलो, पण तो त्यांच्या साक्षीमुळे नव्हे. जगूदादांची समजूत मात्र उलटी झाली आणि तेव्हापासून जगातला कुठलाही खटला आपण बोलून जिंकू शकतो यावर त्यांचा ठाम विश्वास बसला.

सुभद्रावहिनी अगदी निराळ्या. एक वाक्य बोलायच्या आणि थांबायच्या. पुढचं वाक्य येईल की नाही याची खात्री नसे. आलं तर ते नेमकं असे. श्रावणात आळीतल्या बायका त्यांच्या ओसरीवर कहाण्या ऐकायला जमत, कारण तसं थांबत थांबत सांगणं दुसऱ्या कुणाला जमत नसे. कहाणी ऐकणाऱ्यानं प्रत्येक वाक्याला "हूं" म्हणायचं असतं. हुंकार आल्याशिवाय वहिनी पुढे सरकत नसत. त्या दिवसांत जगूदादांना ओसरीवर यायला बंदी होती, कारण ते हुंकाराच्या जागी भाषण देत.

तर मूळ भानगड कर्ण्यांची. आगाशीत तेव्हा वीज नव्हती. सगळा कारभार मोटारीच्या बॅटरीवर, आणि ती भरून आणायला विरार गाठावं लागे. एका उत्सवात देवळात कीर्तन होतं. बुवा नाटकी होते. एक शब्द बोलायचे, डोळे मिटून उभे राहायचे, मग दुसरा शब्द. उत्तररंगात राक्षसाची मान धडावेगळी व्हायच्या बेताला बॅटरीनं डोळे पांढरे केले. कर्णा मुका झाला. मागे बसलेल्यांतून कुणीतरी ओरडलं, "जगूदादा, राक्षस मेला का जिता हाय?" सगळं देऊळ हसलं.

हे हसू जगूदादांना फार लागलं. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो तर अँप्लिफायर उघडून बसलेले. मला बघताच म्हणाले, "तत्त्व लक्षात घ्या, वकीलसाहेब. बुवा गप उभे असतात तेव्हा पन हा खातोच! बोलनारा थांबला तरी याचं खानं थांबत नाय. असा गडी तुम्ही वाडीत ठेवाल?"

मी म्हटलं, ठेवणार नाही.

"मंग!" म्हणाले, आणि पुन्हा त्या पेटीत डोकं घातलं.

त्यांनी असा अँप्लिफायर बनवला की आवाज असेल तेव्हाच वाल्व पूर्ण करंट ओढणार आणि आवाज नसेल तेव्हा नुसता पेंगत राहणार. बॅटरी दुप्पट टिकू लागली. पण पेंगणाऱ्याला जागं व्हायला वेळ लागतो. बोळिंजच्या एका लग्नात भटजींनी "सावधान" म्हटलं आणि कर्ण्यातून नुसतं "वधान" आलं. प्रत्येक मंगलाष्टकाला तेच. बोलणारा जरा थांबला की पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर पेटी गिळून टाकी. वराचे मामा कर्णा उतरवायला निघाले होते. जगूदादा त्यांना तत्त्व समजावत होते.

तोडगा त्यांना सापडला तो वाडीत. धाकटा भाऊ पानवेलींना पाणी धरत होता. पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात न्यायचं तर पुढच्या वाफ्याचं तोंड आधी एका फटक्यात फोडायचं आणि पाणी तिकडे चांगलं वळल्यावर मग मागचं सावकाश बुजवायचं, ही वाडीतली रीत. कुणी उलट केलं तर पाट फुटतो. जगूदादांनी हे लहानपणापासून हजारदा बघितलं होतं, स्वतः केलंही होतं. त्या दिवशी ते चिखलाच्या पायांनी थेट दुकानात धावले आणि नवी जोडणी करूनच उठले. आवाजाची नुसती चाहूल लागताच पूर्ण ताकद उघडायची, पण मिटताना घाई करायची नाही. बोलणाऱ्याला श्वास घ्यायला अवधी द्यायचा आणि मग हळूहळू ताकद कमी करायची. "उघडताना झटका, मिटताना दम," असं ते म्हणत. पुढे महिनाभर आगाशीत हे शब्द ऐकले नाहीत असा माणूस उरला नाही.

नंदाखालच्या चर्चच्या सणाला, म्हणजे फेस्ताला, त्याच पेटीनं एका बॅटरीवर प्रार्थना, प्रवचन आणि मिरवणूक सगळं निभावलं. फादरांचं एक अक्षर गळलं नाही. त्या दिवशी कर्ण्याखाली उभ्या असलेल्या जगूदादांचा चेहरा मी पाहिला आहे. मुलाचं लग्न लागताना बापाचा असतो तसा.

त्यांनी पेटंटचा अर्ज केला. स्वतःच लिहिला. तिथपर्यंत ठीक होतं. पण फोर्टमधल्या एका बड्या कंपनीनं हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, आवाजाप्रमाणे ताकद कमीजास्त करणारं आमचं परदेशी पेटंट आधीपासून आहे, चुरींची पेटी म्हणजे तीच, तेव्हा त्यांना पेटंट तर देऊ नयेच, शिवाय त्यांनी असल्या पेट्या बनवणंही बंद करावं. म्हणजे जी पेटी या माणसानं चिखलाच्या पायांनी जोडली, ती हरकत टिकली तर त्याला आपली म्हणता येणार नव्हती आणि आपल्या दुकानात बनवताही येणार नव्हती.

पेटंटची कचेरी कलकत्त्याला, तेव्हा सुनावणीला तिथं जायचं होतं. मी म्हटलं, मुंबईतला एखादा जाणकार वकील गाठू. जगूदादा हसले. "वकील कशाला? मी आहे की बोलायला!" पेटी डोक्यावर घेतल्यासारखी जपत ते एकटे गेले.

तिथं काय झालं ते मला त्यांच्याच तोंडून कळलं, आणि सांगताना आपण काय सांगतो आहोत हे त्यांच्या लक्षात येत नव्हतं. अधिकाऱ्यापुढे पेटी मांडली. किती करंट जातो ते दाखवणारं मीटर लावलं. आवाज थांबला की सुई कशी खाली येते ते दाखवायचं होतं. जगूदादा मायक्रोफोनपुढे उभे राहिले आणि म्हणाले, तत्त्व लक्षात घ्या. मग ते तत्त्व सांगत राहिले.

"सुई खाली आली?" मी विचारलं.

"येनारच होती. मी तेच समजावत होतो ना!"

सुई खाली आलीच नव्हती. येणार कशी? हा माणूस थांबला तर ना! अधिकाऱ्यानं जे दिसलं ते लिहिलं. करंटात बचत दिसत नाही, आधीच्या पेटंटाहून काही वेगळेपणाही दिसत नाही, अर्ज नामंजूर. त्यात त्या अधिकाऱ्याची काडीचीही चूक नव्हती.

मला हसू आवरेना, आणि मग त्यांच्याकडे पाहिलं तसं ते आपोआप आवरलं. जगूदादा माझ्या कचेरीतल्या बाकावर बसले होते आणि बोलत नव्हते. अशा वेळी काय करायचं असतं याची मला सवय नव्हती. बऱ्याच वेळानं म्हणाले, "अपील होतं ना याच्यावर?"

होतं. अपील ऐकायला सरकारनं नेमलेले एक अधिकारी मुंबईला बसणार होते. मी हात जोडून सांगितलं की मला बांधापलीकडलं कळत नाही. तर म्हणाले, "पेटंट म्हंजे बांधच की. एवढी जागा माझी, पलीकडची तुमची." आणि खरं सांगतो, कागद वाचायला बसल्यावर मला त्या एका वाक्याचाच आधार झाला. त्यांनी अर्जात आवाजाप्रमाणे ताकद सांभाळण्याची झाडून सगळी कल्पना आपली म्हणून लिहिली होती. शेजाऱ्याची वाडीही आपल्याच बांधात! कंपनी भांडणार नाही तर काय करणार? मी म्हटलं, "जगूदादा, बांध आत घ्या. ताकद कमीजास्त करणं त्यांचं. उघडताना झटका आणि मिटताना दम, तेवढंच तुमचं. तेवढ्यासाठी लढू."

वाडीवाल्याला बांध आत घ्यायला सांगणं म्हणजे काय, हे तिकडच्या माणसालाच कळेल. ते ताडकन उठून निघून गेले. आठवड्यानं आले ते दारातूनच म्हणाले, "तेवढंच माझं. पन तेवढं माझंच."

आता प्रश्न राहिला प्रयोगाचा. बोलून गप्प राहणारा माणूस हवा होता. जगूदादांनी ठणकावून सांगितलं की आपण गप्प राहू. आम्ही त्यांच्या घरी तालीम घेतली. मी अधिकारी झालो, ते मायक्रोफोनपुढे बसले. एक वाक्य बोलले आणि ओठ घट्ट मिटले. सुई खाली येऊ लागली. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या आणि हे म्हणाले, "बघा, बघा, आता कशी खाली येते बघा!" सुई टुणकन वर.

वहिनींनी कप खाली ठेवले. "मी येते," म्हणाल्या.

आम्ही दोघे त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनी पुढे काही सांगितलं नाही आणि सुई खाली आली.

फोर्टमधल्या त्या खोलीत मोठ्या टेबलावर दोन पेट्या मीटर लावून शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. एक कंपनीची, चकचकीत, एक आमची, आगाशीच्या सुताराकडून करून घेतलेल्या खोक्यातली. अपील ऐकणारे गृहस्थ नागपूरकडचे, वयस्कर, शांत. कंपनीच्या बाजूनं एक बॅरिस्टर आणि सबनीस नावाचा तरुण इंजिनीअर. बॅरिस्टर अस्खलित इंग्रजीत बोलले, फार छान बोलले. दोन्ही पेट्या एकच काम करतात, चुरींचा झटका आणि दम हे शब्दांचे खेळ आहेत, प्रत्यक्षात कानाला फरक कळणार नाही, असा त्यांचा मुद्दा. मी म्हटलं, मग कानालाच विचारू. त्यांना नाही म्हणता येईना.

जगूदादांना मी भिंतीकडेच्या खुर्चीत बसवलं होतं. त्यांनी स्वतःहून रुमालाचा बोळा तोंडात धरला होता.

वहिनी नऊवारीचा पदर सावरून आधी कंपनीच्या पेटीपुढे बसल्या. सुई खाली येईपर्यंत थांबल्या. मग एकेक वाक्य सांगू लागल्या.

"टपाट नगर होतं," कर्णा म्हणाला. मग सुई पार खाली. मग, "...नगरात एक मानूस होता." पहिला शब्द पेटीनं खाल्ला होता. अधिकाऱ्यांनी कपाळाला आठी घातली. बॅरिस्टर चटकन उठून म्हणाले की बाईंचे उच्चार खेड्यातले आहेत, त्याला यंत्र काय करणार? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वहिनी मात्र शांतपणे उठल्या आणि आमच्या पेटीपुढे जाऊन बसल्या.

"आटपाट नगर होतं."

सगळी खोली भरून गेली. पहिल्या 'आ'सकट. वहिनी थांबल्या. सुई जागेवर राहिली, मग सावकाश, अगदी सावकाश उतरू लागली आणि तळाशी जाऊन टेकली.

"त्या नगरात एक मानूस होता."

सुई उडाली. एक अक्षर हरवलं नाही. पुन्हा शांतता. वहिनी हुंकाराची वाट बघत बसल्या होत्या, आणि तिथं हुंकार देणार कोण? अधिकारी मीटरकडे बघत होते. बॅरिस्टर छताकडे. तो सबनीस मात्र पुढे झुकून, सगळं विसरून सुईकडे डोळे लावून बसला होता.

"हूं," सबनीस म्हणाला.

बॅरिस्टरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर नोकरी सोडून गेला असता. पण वहिनींना पाहिजे ते मिळालं होतं.

"तो मानूस लय बोलायचा."

"हूं."

"इतका बोलायचा, का त्याच्या बायकोला वाटं, देवानं आपल्याला जीभ दिली ती चवीपुरती."

या वेळी अधिकारीही हसले. भिंतीकडे जगूदादांचा चेहरा तांबडालाल झाला होता. रुमाल तसाच होता.

"एकदा तो मानूस दूरदेशी गेला. तिथं पन बोलला. बोलून बोलून आपलं सगळं घालवून आला."

"हूं," सबनीस हळूच म्हणाला.

"आज तो गप बसलाय. त्याची पेटी बोलतेय."

वहिनी थांबल्या. सुई उतरत उतरत तळाला गेली आणि खोलीत एवढी शांतता झाली की खालच्या रस्त्यावरची ट्रामची घंटा ऐकू आली. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. दिवसभरात पहिल्यांदाच ते मराठीत बोलले. "बाई, मग पुढे काय झालं?"

वहिनी मायक्रोफोनवरच म्हणाल्या, "पुढचं तुमी सांगायचं, साहेब."

ते त्यांनी काही आठवड्यांनी लेखी सांगितलं. आमचं अपील मंजूर. ताकद झटक्यात उघडून दमानं मिटण्याची युक्ती नवी आहे, ती जगन्नाथ चुरींची आहे, आणि त्यांना आपल्या पेट्या बनवायला कुणी मज्जाव करू शकत नाही. बांधाच्या किती दाव्यांत मी जिंकलो असेन, पण त्या दिवशी वसईच्या कोर्टाच्या आवारात भर दुपारी मी टोपी उडवली. निवृत्तीला आलेले कोर्टाचे नाझर बघत होते, तरी उडवली.

सुनावणीच्या दिवसाचं थोडं राहिलं. खोलीतून बाहेर पडल्यावर जगूदादांनी तोंडातला रुमाल काढला. आता धरण फुटणार म्हणून मी सरसावून उभा राहिलो. ते वहिनींकडे वळले आणि बारीक आवाजात म्हणाले, "मी लय बोलतो?"

"हूं," वहिनी म्हणाल्या.

जगूदादा जिन्यात उभं राहून इतके हसले की वरचे कारकून डोकावून बघू लागले.

निकालाची बातमी आगाशीला पोचली त्या संध्याकाळी त्यांनी दुकानातले होते नव्हते ते सगळे कर्णे बाजारात लावले. देवळाचे गुरव, नंदाखालचे फादर, बोळिंजचे ते वराचे मामा, सगळे आले होते. मामांनी जगूदादांना हार घातला आणि आपल्या धाकट्या मुलीच्या लग्नाला कर्णा याच पेटीवर लागेल असं मायक्रोफोनवर जाहीर केलं. वहिनींना लोकांनी बोलायला लावलं. त्या "या सगळे घरी," एवढंच म्हणाल्या आणि खरोखरच सगळे घरी गेले. एवढ्या माणसांना केळीची पानं कुठून पुरवायची म्हणून धाकट्या भावानं अर्धी बाग उतरवली.

पुढे माझं आगाशीला जाणं कमी झालं. त्यानंतरची एकच भेट मनात पक्की राहिली आहे. एका कामासाठी आगाशीला गेलो होतो. परतीच्या मोटारीला वेळ होता म्हणून दुकानाकडे वळलो, तर पायरीवर शहरी बूट काढून ठेवलेले. आत सबनीस जमिनीवर मांडी घालून बसला होता. कंपनीला तशा पेट्या करायच्या होत्या आणि जगूदादांची परवानगी घ्यायला तिनं त्यालाच पाठवलं होतं. समोर जगूदादांची नवी पेटी, झाकण काढून, आतलं सगळं उघडं. एकेक वाल्व, एकेक तार ते त्याला बोटानं दाखवत होते. काही म्हणून हातचं राखत नव्हते.

माझ्यातला वकील जागा झाला. मी म्हटलं, "जगूदादा, कागदावर सही व्हायच्या आधी सगळं दाखवता काय?"

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. कलकत्त्याहून परत आल्यावर माझ्या बाकावर बसलेला माणूस तो हाच, हे खरं वाटू नये असा चेहरा होता.

"विचारून आलाय ना तो, वकीलसाहेब," ते म्हणाले. "विचारून आलेल्याला सगळं दाखवायचं."

मग ते पुन्हा सबनीसकडे वळले. मोटारवाला हॉर्न देत होता, मला निघावं लागलं. वळून पाहिलं तेव्हा दोघांची डोकी त्या पेटीत एकत्र वाकलेली होती आणि सबनीसच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वर गेल्या होत्या.